डाव्या बाहीचं माप

माझा डावा हात सुजतोय हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं, कारण माझाच ब्लाउज मला होईना. तीस वर्षं मी दहिवलीत बायकांचे ब्लाउज शिवते. कुणाचा दंड वाढला, कुणाचा उतरला, हे मला नुसतं बघून सांगता येतं. मी ते तोंडावर सांगतेसुद्धा, त्यामुळे काही बायका रुसून दुसरीकडे जातात आणि दिवाळीच्या तोंडावर परत येतात. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मी आठ दिवस दोष कापडाला दिला. कॉटन आहे, धुतल्यावर आटलं असेल म्हटलं. मग एका सकाळी टेप लावला. उजवा दंड साडेदहा, डावा साडेबारा.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. आठवड्यातून तीन दिवस कर्जतला डायलिसिसला जाते. चार तास रक्त मशीनमधून जातं, साफ होतं आणि परत अंगात येतं. त्यासाठी डाव्या कोपराजवळ एक धमनी आणि एक शीर एकमेकींना शिवून दिल्या होत्या. त्याला फिश्चुला म्हणतात. शिवलेली गोष्ट असल्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून आपलीशी वाटली. तिथं बोट ठेवलं की बारीक थरथर लागायची. हात वाकवून कानाशी नेला की घरघर ऐकू यायची, शिलाई मशीनची मोटर चालू असते आणि पाय पायडलवरून काढलेला असतो, तेव्हा येते तशी. ती थरथर आहे तोवर फिश्चुला चालू, नाहीतर बंद, एवढं साधं गणित. सिस्टरनं दिवसातून तीनदा बघायला सांगितलं होतं. मी सात-आठदा बघायचे. मिस्टर गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही, मूलबाळ झालं नाही, आणि आपल्या अंगात का होईना, काहीतरी चालू आहे हे ऐकून बरं वाटायचं.

सूज का आली तेही सांगते. अगदी सुरुवातीला, फिश्चुला तयार व्हायच्या आधी, माझ्या मानेतून डावीकडे एक नळी घातली होती. ती तीन महिने राहिली. नळी काढली, पण हाताचं सगळं रक्त ज्या मोठ्या शिरेतून छातीत उतरतं, त्या शिरेला ती आतून घट्टे पाडून गेली. शीर हळूहळू आवळत गेली. खाली फिश्चुलाचं जोरात येणारं रक्त, वर वाट अरुंद. मग ते हातातच तुंबणार, दुसरं काय.

मी दोन मापांचे ब्लाउज शिवायला लागले. उजवी बाही एका मापाची, डावी दुसऱ्या. तेरा झालं, साडेतेरा झालं. हात कोपरापासून बोटांपर्यंत तकतकीत दिसायला लागला, दंडावर निळ्या शिरा उठल्या. माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथं पूर्वी बायका माप द्यायला येत आणि तास-तास बसत. सासू, नणंद, नवऱ्याचा पगार, सगळं माझ्या कटिंगच्या टेबलावर उलगडायचं. कधी कधी मी कंटाळून हाकलायचे त्यांना. आता एकीनं विचारलं, "हत्तीरोग हाताला पन होतो का गं?" मी तिला समजावून सांगितलं, अगदी चित्र काढून. तिनं मान हलवली. पण माप घ्यायला मी तिच्या काखेतून टेप फिरवला तेव्हा तिनं अंग चोरलं.

मी माप घेणं बंद केलं. मापाचा ब्लाउज आणून द्या म्हणायला लागले. मग त्या दारातूनच पिशवी द्यायच्या आणि चपला न काढता परत जायच्या. नेरळच्या नव्या सोसायट्यांतली गिऱ्हाइकं तर फोनवरच सगळं सांगायची. शिवण चालू होतं, माणसं बंद झाली. आठवडेच्या आठवडे मला कुणाचा हात लागला तर तो रबरी मोजा घातलेला असे, सुई टोचण्यापुरता. मला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण मी फटकळ म्हणून प्रसिद्ध. फटकळ बाईला वाईट वाटतं यावर कोण विश्वास ठेवतो.

माझा धाकटा भाऊ खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर आहे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तो पत्रिका घेऊन आला, माझ्या हाताकडे न बघता बसला, चहा प्याला आणि उठताना म्हणाला, "ताई, त्या हाताचं काय ते करून घे गं लग्नाच्या आदी. लोकं इचारतात."

"लोकांचा दंड सुजलाय का?" मी म्हटलं.

पण तारीख मी घेतली.

पनवेलच्या बाजूच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी मला समजावून सांगितलं. हातातून एक तार घालून ती छातीतल्या शिरेपर्यंत न्यायची, तारेवरून फुगा न्यायचा, अरुंद जागी तो फुगवायचा, की शीर मोकळी होते. डॉक्टर तरुण होते आणि घाई न करता बोलत होते. शीर फाटू शकते, रक्त आत वाहू शकतं, रक्ताची गाठ होऊ शकते, आणि सगळं नीट झालं तरी काही महिन्यांत ती पुन्हा आवळू शकते, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. मी विचारलं, हा हात बंदच पडला तर? ते म्हणाले, "मग पुढचा फिश्चुला उजव्या हातात करावा लागेल, मावशी. आणि त्या हातानं जड काम नाही."

उजव्या हातात माझी कात्री असते. नऊ इंची, लोखंडी, दिवसभर चालवली की मनगट भरून येतं अशी. मी डाव्या हाताला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, तू टिक.

फॉर्मवर सोबतच्या माणसाची सही लागते. भावानं सही केली. तेवढ्यात त्याला मांडववाल्याचा फोन आला. चारपर्यंत येतो म्हणाला आणि गेला. मी त्याला दोष देत नाही, लग्नघर म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आत गारठा होता. कोपराजवळची जागा बधिर केली, पण मी पूर्ण जागी होते. डोक्याच्या बाजूला डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस क्रिकेटबद्दल बोलत होते. कुणीतरी सोपा झेल सोडला होता आणि मदतनीस त्याच्यावर फारच चिडलेला होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता छातीत दाब येईल." दाब आला. खांद्याखाली, गळ्याच्या हाडामागे, कुणी आतून मूठ फिरवावी तसा. मग तो उतरला. दुसऱ्यांदा आला. कापड ताणलं की शिवण कुठं सुटणार ते माझ्या हाताला आधी कळतं. तसं काहीतरी आत सुटलेलं मला कळलं. तेवढ्यात क्रिकेट थांबलं.

"डाय बाहेर जातोय," मदतनीस हळूच म्हणाला. डाय म्हणजे शीर पडद्यावर दिसावी म्हणून तिच्यात सोडलेलं औषध.

"फुगा पुन्हा फुगवा. धरून ठेवा. वेळ सांगत राहा." डॉक्टरांचा आवाज तसाच होता, फक्त कोरडा झाला होता. मला म्हणाले, "शीर जराशी फाटलीय. फुग्यानंच दाबून धरतोय. अजिबात हलायचं नाही."

मी हलले नाही. कुणीतरी मिनिटं सांगत होतं. छातीत फुगा फुगलेला, हात जड होत चाललेला, आणि माझ्या आसपास चार माणसं असून एकाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते. तेच बरोबर होतं. तरी मला वाटलं, कुणीतरी कपाळावर नुसता हात ठेवावा. मला तेव्हा देव आठवला नाही की मिस्टर आठवले नाहीत. मला त्या सुटलेल्या झेलाच्या गप्पा परत सुरू व्हायला हव्या होत्या. बऱ्याच वेळानं फुगा उतरवला, पुन्हा डाय सोडला, आणि मदतनीसानं मोठा श्वास सोडला. मग तो म्हणाला, "पण सर, झेल सोपाच होता." मी हसले आणि रडले, दोन्ही.

भाऊ पाचला आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं की शीर फाटली होती, गळती थांबली आहे, शीर उघडी ठेवणारी जाळी सध्या बसवलेली नाही, वाट बऱ्यापैकी मोकळी झाली आहे. पण जपायचं. या हातावर बीपीचा पट्टा नको, बांगड्या नकोत, घट्ट बाही नको. सूज परत आली किंवा थरथर थांबली तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. भावानं यातलं शीर फाटली एवढंच ऐकलं आणि जिन्यावर डॉक्टरांना शिवी घातली. मी घट्ट बाहीचं ऐकलं होतं. अगदी नीट ऐकलं होतं.

हात उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी तेरा, आठवड्यानं बारा, मग साडेअकरा, मग अकरा. रोज सकाळी टेप लावताना मला हसू यायचं. बोटांची पेरं परत दिसली. लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि माझ्याकडे मोरपिशी रंगाचं एक खणाचं कापड पडून होतं, माझ्यासाठी म्हणून घेतलेलं आणि कधी न शिवलेलं.

दुसऱ्या कुणा बाईनं हा मूर्खपणा केला नसता. तिनं सैल बाहीचा तयार ब्लाउज घातला असता आणि गपचूप मांडवात बसली असती. पण मी टेलर. ज्या मांडवात निम्म्या बायकांच्या अंगावर मी शिवलेले ब्लाउज असणार, तिथं मी स्वतः पोत्यासारखी बाही घालून जाऊ? मी कोपरापर्यंतची बाही बेतली, दोन्हीकडे सारखी, अंगाबरोबर. डाव्या दंडाला फक्त अर्धा इंच सैल ठेवला. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, उद्या उसवून वाढवता यावं म्हणून, ते मी कुणाच्याही ब्लाउजला दीड इंच ठेवते. माझ्या ब्लाउजला ठेवलं नाही. कापड अपुरं होतं, हे खरं. पण हात पुन्हा सुजेल असं मला कबूल करायचं नव्हतं, हे त्याहून खरं. घालून आरशासमोर उभी राहिले. बाहीला एक सुरकुती नव्हती. दोन्ही हात सारखे.

लग्न दुपारचं होतं. हॉल आमच्याच गावच्या शेतावर झालाय, जिथं लहानपणी मी आईबरोबर भात लावायला वाकायचे. आदल्या दिवशी डायलिसिस करून घेतलं होतं, अंगात जरा अशक्तपणा होता. मी आत पाऊल टाकलं आणि वहिनी ओरडली, "अगो बाय, हात उतरला की तुमचा!" मग एकेक बाई येत गेली. कुणी खणाचा काठ बघितला, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी माझा डावा दंड चक्क दाबून बघितला आणि म्हणाली, "आता कवळा झाला." गेल्या वर्षी माप देताना जिनं अंग चोरलं होतं ती वहिनीच्या नात्यातली, तीसुद्धा आली, तिनं आपल्या सुनेला पुढं केलं, हिची मापं घ्यायला कधी येऊ विचारलं. मी खूप बोलले त्या दिवशी. भाचीचा पदर मी लावून दिला, तिच्या सासरच्यांची टिंगल केली, पोटभर हसले.

तासाभरात बाही लागायला लागली. आधी वाटलं, उकाडा आहे. मग काखेखाली शिवण रुतायला लागली आणि बोटं जड झाली. मला कळलं होतं. इतर कुणाला कळलं नसतं, पण मला कापडाचा ताण कळतो. शीर वर पुन्हा आवळत होती, हात भरत होता आणि मी शिवलेली बाही त्याला जागा देत नव्हती. खोलीत जाऊन ब्लेडनं शिवण उसवायची, पाच मिनिटांचं काम. पण मग डावी बाही लोंबली असती, आतला सुजलेला दंड दिसला असता, आणि बायका पुन्हा दोन पावलं मागं सरल्या असत्या. वहिनीनं हाक मारली, "ताई, फोटोला या." म्हटलं, फोटो होऊ दे. मग पंगत होती. मग पाठवणी, भाची गळ्यात पडून रडत होती, तिला कशी बाजूला करू? तीन तास मी हात मांडीवर ठेवून बसले आणि एकदाही तो कानाशी नेला नाही.

गाडी गेल्यावर मी खोलीत गेले, दार लावलं आणि हात वाकवला. काही नव्हतं. दुसऱ्या कानाशी नेला. बोट ठेवलं, जोरानं दाबलं. तिथं एक घट्ट दोरी होती फक्त. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मी लोकांना उद्देशून पुष्कळदा म्हटलं होतं.

भाऊ मंडपातलं सामान मोजून देत होता. त्याला सांगितलं नाही. रस्त्यावर येऊन रिक्षा केली आणि एकटीच पनवेलला गेले. तिथल्या सिस्टरनं ब्लाउज काढायचा प्रयत्न केला, निघेना. तिनं कात्री घेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, "शिवणीवरून काप गं, कापड वाचेल." तिनं माझ्याकडे बघितलं. बाही उघडली तेव्हा दंडावर शिवणीचा लाल वळ उठलेला होता, टाके मोजता यावेत इतका स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठ फोडायचा प्रयत्न केला, पुन्हा तार घातली. वरची शीर पूर्ण मिटली होती, तार पलीकडे जाईना. दोन तास खटपट करून डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मावशी, मी थकलो. हा हात संपला." मग विचारलं, "काही घट्ट घातलं होतं का? हातावर झोपलात का?" बाही कापणारी कालची सिस्टर पलीकडे ट्रे आवरत होती. मी म्हटलं, "नाही." तिनं ट्रे उचलला आणि निघून गेली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या वेळी शीर फाटली, तेव्हाच कदाचित जाळी बसवायला हवी होती. माझंच चुकलं असेल." आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

आता उजवीकडे मानेत नळी आहे. तीही आत काय करून ठेवेल सांगता येत नाही. उजव्या हाताचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. अर्धवट कामं मी दुसऱ्या टेलरकडे पाठवून दिली.

परवा भाऊ आला. दुपारची पाळी होती, त्याआधी आला. गावातल्या कुणा पुढाऱ्याशी बोलून ठेवलं होतं त्यानं. "त्या डॉक्टरला सोडत नाय. त्यानं शीर फाडली म्हनून हे झालं. चार मानसं घेऊन जातो, कागद मागतो."

मी म्हटलं, "फाटली होती ती त्यांनीच धरून बंद केली. बंद पडली ती माझ्या बाहीनं."

त्याला समजेना. मग मी सगळं सांगितलं. माप, अर्धा इंच, न ठेवलेलं जादा कापड, कधी लागायला लागली, कधी कळलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा लाल होत होता.

"तुला कळलं व्हतं? मांडवात असताना?"

"हो."

"मग सांगायचं ना गं! मी सगळं टाकून नेली असती तुला. तीन तास गप कशाला बसलीस?"

मला खोटं सुचत होतं. उकाड्याचं सांगता आलं असतं, भाचीच्या रडण्याचं सांगता आलं असतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. "त्या तीन तासांत माझ्या शेजारची खुर्ची एकदा पन रिकामी नव्हती रं," मी म्हटलं.

तो उंबऱ्यावर टेकला. मग त्यानं घड्याळ बघितलं आणि उठला. निघताना माझा हात धरायला त्यानं हात पुढं केला, पण डावा धरावा की उजवा ते त्याला कळेना. मग तो नुसतं "येतो" म्हणाला.